आधी ओपीडीत जा, भरतीचं नंतर बघू

प्रश्न : भाऊ २९ वर्षांचा. सात-आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. खासगी डॉक्टरांचा खर्च आता झेपत नाही. गोळ्या घेत नाही, म्हणून आई वरणात कुटून देते. मी नागपुरातल्या मानकापूरच्या सरकारी मनोरुग्णालयाचं नाव काढलं, तर बाबा (रेल्वेतून निवृत्त) म्हणाले, “पागलखान्याचा शिक्का बसला त पोराले पोरगी कोन देईन?” मी त्याला टाकायला निघालेय का? – एक बहीण, अजनी

ताई, टाकणारी माणसं असं पत्र लिहीत नाहीत. तो विषय सोडा.

मानकापूर म्हटलं की तुमच्या घरात सगळ्यांना थेट कुलूपच दिसतंय. ते १८६४ पासूनचं रुग्णालय आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक, त्यामुळे जुन्या गोष्टी चिकटून आहेत. पण तिथे ओपीडी असते. केसपेपर काढायचा, डॉक्टरांना भेटायचं, औषधं घेऊन घरी यायचं. भरतीची वेळ आलीच, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं कुणाला नुसतं सोडून येता येत नाही. तो स्वतः तयार नसेल तर त्याच्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञ वेगवेगळे तपासतात, आणि पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. घरचे न्यायला येत नाहीत एवढ्याच कारणानं कुणाला आत ठेवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

मला खरी काळजी त्या वरणाची वाटते. जेवणात काहीतरी कालवतात, हा संशय या आजारात बऱ्याच जणांना येतो. तुमच्याकडे तो खरा आहे! कळेल त्या दिवशी गोळी जाईलच, आईच्या हातचं जेवणही जाईल. शिवाय काही गोळ्या कुटायच्याच नसतात. पण उद्यापासून एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना जसं आहे तसं सांगा आणि इंजेक्शनचं विचारा. काही इंजेक्शनं दोन आठवड्यांनी किंवा महिन्यातून एकदा घ्यायची असतात; रोजची कटकट वाचते. हे भावासमोर बोला, त्याच्या पाठीमागे नको.

बाबांशी शिक्क्यावरून वाद घालू नका. आजार लपवून लग्न लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलीची फसवणूक, हे मात्र एकदा स्पष्ट बोला. मग पेन्शनचा विषय काढा. रेल्वेच्या माणसाला तो लवकर कळतो. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो. कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आईवडिलांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं आणि त्याचं नाव बाबांच्या हयातीतच नोंदवून ठेवता येतं. त्यासाठी कागद सरकारी डॉक्टरांचाच लागतो. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरा. तपासणीत स्वतःची काळजी, माणसांत वावर, बोलणं-समजणं, कामधंदा हे बघतात. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर बहुतेक सवलती लागू होतात. त्या दिवशी बाबांना बजावून न्या. आपल्याकडे घरचेच डॉक्टरांपुढे “तसा चांगला आहे जी” म्हणतात आणि टक्के घसरले की चिडतात.

भाऊ जिवाचं काही बोलू लागला, तर ओपीडीची वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो. नाहीतर सरळ मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा.