उडत्या तबकडीचा पंचनामा

प्रश्न : सामान्य माणसाला आकाशात काही विचित्र दिसलं, तर अमेरिकेचं हवाई दल चौकशी करायचं, असं वाचलं. नेमकं काय तपासायचे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : १९५२ ते १९६९ या काळात हे काम ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’कडे होतं. कार्यालय ओहायो राज्यातल्या राइट-पॅटरसन तळावर. पहिली विचारपूस मात्र जवळच्या हवाई तळावरचा अधिकारी करी, आणि त्याने काय विचारायचं ते नियमात बांधून दिलेलं होतं. ‘केवढं दिसलं?’ याला ‘ताटाएवढं’ हे उत्तर चालत नसे. हात लांब करून धरलेली टाचणी, वाटाणा, नाणं, बेसबॉल, यांतलं कशाएवढं? आपणही करून पाहा : हाताभर अंतरावरचा वाटाणा अख्खा पूर्णचंद्र झाकतो. चंद्र ताटाएवढा असल्याची आपली खात्री असते ती असते!

मग दिशा आणि क्षितिजापासूनची उंची, दोन्ही अंशांत. दिसलं तेव्हाची आणि नाहीसं झालं तेव्हाची. शिवाय जमिनीलगतचा वारा आणि ६,००० फुटांपासून ८०,००० फुटांपर्यंत टप्प्याटप्प्याने वाऱ्याची दिशा व वेग. एवढा वारा कशाला? तर फुगे पकडायला. संशोधनाचे प्रचंड प्लास्टिकचे फुगे इतके वर जात, की खाली अंधार पडला तरी त्यांच्यावर ऊन असे आणि ते लखलखत. प्रकाशाची वाट त्या उंचीवरच्या वाऱ्याशी जुळली, की फुग्याचा संशय बळावे. त्यानंतर विमानांच्या नोंदी आणि ग्रहताऱ्यांची स्थिती. हा शेवटचा भाग खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक पाहत.

प्रश्न : साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकतं कुठे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : बहुतेक वेळा अंतरात. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाला विमान चालवताना माउंट रेनियर या डोंगराजवळ नऊ चमकत्या वस्तू दिसल्या. रेनियर ते माउंट ॲडम्स हे सुमारे ७५ किलोमीटर त्या वस्तूंनी १ मिनिट ४२ सेकंदांत कापले, म्हणजे वेग ताशी २,६०० किलोमीटरांच्या वर. घड्याळ लावलं हे उत्तमच. पण वस्तू त्या डोंगरांइतक्या दूर होत्या, हे गृहीत धरलं तरच हा आकडा खरा. निम्म्या अंतरावर असत्या, तर वेगही निम्मा.

दुसरा घोटाळा शुक्राचा. गाडीबरोबर तो ‘पाठलाग’ करतो, टक लावली तर हलतो. लडाख सीमेवर आपल्या जवानांनी महिनोन्‌महिने नोंदवलेले दिवे गुरू आणि शुक्र निघाले, ते २०१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तेव्हा हसू नये कुणाला.

आणि उशीर. आठवड्याने विचारलं, तर साक्षीदार शेजाऱ्याने पाहिलेलंही सांगतो. न्यू मेक्सिकोतल्या सोकोरो गावी २४ एप्रिल १९६४ च्या संध्याकाळी लॉनी झमोरा या पोलिसाने जमिनीवर अंडाकृती वस्तू पाहिली, तेव्हा लष्करी अधिकारी काही तासांतच पोचला. जमिनीतले खळगे मोजले, जळक्या झुडपाचे नमुने घेतले. त्यांत इंधनाचा अंश सापडला नाही, किरणोत्सर्गही नाही.

प्रश्न : किती प्रकरणं उलगडली नाहीत?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : १२,६१८ पैकी ७०१. ‘माहिती अपुरी’ हा शेरा वेगळा होता. ‘अनोळखी’ म्हणजे माहिती पुरेशी, तरी काहीच जुळलं नाही. सोकोरो या ७०१ मध्ये आहे.