चोवीस हजारांचा क्लच की नवी गाडी?

प्रश्न जुळे सोलापूरच्या एका वाचकाचा आहे. 2016 ची डिझेल गाडी. सकाळी क्लचचं पेडल खाली बसतं, दोन-तीनदा दाबलं की गिअर पडतो, रिव्हर्स टाकताना खरखर होते. गॅरेजवाल्याने ‘पूर्ण क्लच सेट’ म्हणून 24,000 सांगितले. घरचे म्हणतात, एवढे घालण्यापेक्षा 7 लाखांचं कर्ज काढून नवी घेऊ. घरात महिन्याला 62,000 येतात, घरकर्जाचा हप्ता 18,500, बचत खात्यात 1,40,000, आणि मुलीच्या फीसाठी ठेवलेली एक एफडी.

नमस्कार. तुम्ही दोन आकडे पाठवलेत, पण बिघाड नेमका कुठे आहे हे अजून कुणी पाहिलेलंच दिसत नाही.

पेडल पंप केल्यावर गिअर पडतो, म्हणजे संशय आधी हायड्रॉलिकवर, म्हणजे पेडलचा जोर तेलाच्या दाबाने क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेवर जातो. पेडलपाशी मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सकडे स्लेव्ह सिलिंडर, मधल्या पाइपात ब्रेक ऑइल. कुठे गळलं किंवा हवा धरली की पेडल बसतं, क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स खरखरतो. क्लच प्लेट झिजली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं: चढाला एक्सलेटर दिल्यावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र वेग घेत नाही. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. मग थेट प्लेटचा सेट कशाला?

आधी घरीच बघा. ऑइलच्या डबीतली पातळी उतरतेय का? पेडलखालची मॅट उचला. तिथे ओल असेल तर मास्टर सिलिंडर. तिथे कोरडं असेल तर गाडी रॅम्पवर घेऊन गिअरबॉक्सजवळ पाहायला सांगा. स्लेव्ह बाहेरून बसवलेला असेल तर तो बदलणं आणि ब्लीडिंग (पाइपातली हवा काढणं) हे लहान काम आहे, गिअरबॉक्सला हातही लागत नाही. पण काही गाड्यांत तो बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) आत, क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगसकट असतो. तो गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि तेव्हा मात्र कंजुषी नको. खरी मजुरी त्या उतरवण्याचीच असते, शिवाय गळलेलं ऑइल प्लेटवर गेलेलं असू शकतं. तिथे 24,000 मला पटतील, पण पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या.

विम्याची आशा धरू नका. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार पॉलिसीत बसत नाहीत.

आता नवी गाडी. 7 लाख, 10 टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता सुमारे 14,870 आणि नुसतं व्याज 1,92,000 च्या आसपास. घरकर्ज धरून हप्ते 33,000 च्या वर, म्हणजे निम्म्याहून जास्त उत्पन्न दर महिन्याला बांधलं गेलं. सगळ्यात महाग दुरुस्तीसुद्धा दोन हप्त्यांपेक्षा कमी आहे. तुमच्या गाडीची नोंदणी 2031 पर्यंत चालेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला जाणं-येणं आणि अधूनमधून पंढरपूर, एवढ्यासाठी हा बोजा मी घेणार नाही. (नवी गाडी हवीशी वाटते म्हणून घ्यायची असेल तर तसं उघड म्हणा, क्लचवर कशाला ढकलता?)

पैसे बचत खात्यातून द्या. 24,000 गेले तरी 1,16,000 उरतात. पुढच्या सहा महिन्यांत दरमहा 4,000 परत भरा. एफडीला हात लावू नका, क्रेडिट कार्डाचा ईएमआयही नको.

तोवर तुळजापूरला वगैरे गाडी काढू नका. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकच्या ऑइलची डबी एकच असते, पातळी उतरत असेल तर प्रश्न पैशांचा राहत नाही. आणि इंजिनाचंही मोठं काम निघालं म्हणून गाडी विकायचीच ठरली, तरी हायड्रॉलिकचं लहान काम करूनच विका. पेडल बसलेलं दिसलं की घेणारा पूर्ण सेटचे पैसे कापून घेतो.