पेन उचललं की रेघ सरळ करू नका

तुम्ही लिहिलंय की प्रॉडक्ट डिझायनरांनी तुमच्या स्केचिंग ॲपचं कौतुक केलं आणि दोन दिवसांत सगळे कागद-पेन्सिलीकडे परत गेले. दुखणं ओळखीचं आहे. लॅग (पेनमागून उशिरा उमटणारी रेघ), तळहात टेकल्यावर उमटणारे डाग हे निस्तरलं असेल असं धरतो.

तुमच्या यादीतलं एक फीचर आधी काढा: पेन उचललं की रेघ आपोआप सरळ होणं. आमच्या ॲपचे सर्वांत जास्त महिने त्यानेच खाल्ले. कच्च्या स्केचमध्ये डिझायनर एकाच कडेवरून तीन-चार वेळा रेघ ओढतो. पहिली जेमतेम टेकवलेली, शेवटची दाबून. त्या गुंत्याचा अर्थ ‘कड इथंच कुठंतरी आहे, अजून ठरलेली नाही’. प्रोग्रॅम प्रत्येक रेघ वेगळी धरतो, ताठ करतो, टोक शेजारच्या रेघेला चिकटवतो. मग माणूस आकार शोधायचा सोडून टोकं सोडवत बसतो. मंजुरी देणाऱ्या विभागाला मात्र प्रत्येक डेमोत हेच हवं असायचं, कारण डेमोत ते देखणं दिसतं. डेमो बघणारा त्यावर दिवसभर काम करत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

1990 च्या दशकात कार्नेगी मेलनमध्ये जेम्स लँडे यांच्या ‘सिल्क’ने, म्हणजे सॉफ्टवेअरचे स्क्रीन हातानं रेखाटायच्या प्रोग्रॅमनं, हे बरोबर केलं होतं: काढलेलं बटण आतल्या आत ओळखायचं, पडद्यावर रेघ मात्र हाताची तशीच ठेवायची.

म्हणून कच्चा स्ट्रोक, म्हणजे हाताची मूळ रेघ, प्रत्येक बिंदूची जागा, वेळ, दाब आणि पेनचा कल यांसकट साठवा. सरळ केलेलं रूप वेगळं ठेवा, तेही मागितलं तरच. रेघेच्या शेवटी पेन अर्धा सेकंद रोखून धरणं ही खूण पुरते. स्मूदिंगही, म्हणजे थरथरती रेघ गुळगुळीत करणं, बेतानं. जास्त बिंदूंची सरासरी घेतली की शाई पेनमागे रेंगाळते आणि कोपरे गोलावतात.

दाबाच्या 8192 पातळ्यांच्या जाहिरातीला भुलू नका. हलक्या हाताला फिकी रेघ उमटते का, तेवढं बघा.

ट्रेसिंग पेपर एका टॅपमध्ये हवा: वर नवा लेयर, खालचा 30 टक्क्यांवर फिका. लेयरचं नाव विचारू नका.

हे सगळं डिझायनरांपुरतं. चित्रकारांची गरज वेगळी असू शकते.

चाचणीत ‘कप काढा’ सांगू नका, त्यांचं चालू काम काढू द्या आणि अनडूची नोंद ठेवा. पेन उचलल्यावर सेकंदाच्या आत अनडू वारंवार दिसला, तर आधी तुमच्या प्रोग्रॅमनं त्या रेघेचं काय केलं ते तपासा.