संघर्ष, तंटा की भांडण?

कलिनाला राज्यशास्त्रात एम. ए. करणाऱ्या वाचक मैत्रिणीने विचारलंय: देशादेशांतल्या ‘कॉन्फ्लिक्ट’ आणि ‘कोऑपरेशन’च्या आकडेवारीवर लघुप्रबंध लिहितेय, तर ‘संघर्ष आणि सहकार’ म्हणू का?

सोपं आधी उरकतो. ‘सहकार’ नको. मुंबईत तो शब्द ऐकला की सोसायटीची वार्षिक सभा आठवते, मुंबईबाहेर साखर कारखाना. तुम्हाला हवंय ते ‘सहकार्य’.

खरी गोम ‘संघर्षा’त आहे. धातू घृष्, म्हणजे घासणं, घर्षण त्यातलंच. पण मराठीत हा शब्द मोर्चात जाऊन आलाय. गिरणगावात संघर्ष म्हणजे हक्काची लढाई. ‘तिने संघर्ष करून मुलं शिकवली’ यात कौतुकच असतं. मृतांची संख्या मोजणाऱ्याला असा आधीच कौल देणारा शब्द अडचणीचा. तरी तो रूढ आहे, म्हणून ठेवा. मात्र ‘सशस्त्र’ जोडा, म्हणजे मोर्चाचा रंग उतरतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या नोंदींत वर्षाला लढाईत किमान 25 बळी गेले की ‘सशस्त्र संघर्ष’, 1,000 झाले की ‘युद्ध’.

डेव्हिड सिंगर यांनी 1963 साली मिशिगनला सुरू केलेल्या ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ या युद्धांची आकडेवारी जमवणाऱ्या प्रकल्पातही हजाराचीच रेघ आहे. 1999चं कारगिल तिथे युद्धांच्या यादीत येतं. रेघेच्या अलीकडे धमकी, शक्तिप्रदर्शन आणि बळाचा वापर. (शक्तिप्रदर्शन म्हटलं की आपल्याला शिवाजी पार्क दिसतं, त्याला इलाज नाही.) या गटाला ते ‘डिस्प्यूट’ म्हणतात. मी ‘लष्करी तंटा’ म्हणेन. वाद तोंडाने होतो, तंट्यात हात उगारलेला असतो. तंटामुक्त गाव मोहिमेमुळे शब्दाला गावकीचा वास लागलाय खरा, पण ‘लष्करी’ने तो जातो.

आणि लुइस फ्राय रिचर्डसनचं भाषांतर करताना मात्र ‘संघर्ष’ अजिबात वापरू नका. या हवामानशास्त्रज्ञाने एका खुनापासून महायुद्धापर्यंत सगळ्याला मुद्दाम एकच घरगुती शब्द लावला: ‘क्वारल’. प्रतवारी दहाच्या घातांकाने: एक मेला तर 0, हजार मेले तर 3. त्याची ती ‘जीवघेणी भांडणं’च. नळावरच्या भांडणाचाच शब्द महायुद्धालाही लावायचा, हा त्याचा डाव ‘प्राणघातक संघर्ष’ लिहिलंत की फुकट गेला.

राहिलं ‘क्वांटिटेटिव्ह’. ‘संख्यात्मक’ पुरे. ‘मात्रात्मक’ हिंदीतून आलंय. आपल्याकडे मात्रा सहाणेवर उगाळतात.