महिन्याचं उत्पन्न विचारू नकोस

मालाड, मुंबई

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

मनोरी-गोराईतल्या घरांच्या सर्वेक्षणाची तुझी प्रश्नावली वाचली. नीटनेटकी आहे आणि दुसऱ्याच ओळीत फसली आहे. 'कुटुंबप्रमुखाचा मुख्य व्यवसाय', त्यापुढे एकच चौकट, आणि खाली 'मासिक उत्पन्न'. मनोरी-गोराईच्या पट्ट्यात हे दोन रकाने खरे भरता येतील असं घर तुला क्वचित सापडेल. लोक भले आहेत, समोर कागद घेऊन बसलेल्या पोराला ते काहीतरी आकडा सांगतील. मग तू त्याची सरासरी काढशील. मच्छीमार संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी नोकरी गेली, अशा सरासऱ्या मी भरपूर पाहिल्यात.

आधी जागा समजून घे. मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलास की काही मिनिटांत मनोरी. पुढे कुलवेम, गोराई, मग पालिकेची हद्द संपते आणि मीरा-भाईंदरचं उत्तन लागतं. जुन्या कागदांत या सगळ्याला धारावी बेट म्हटलंय. (अहवालात नकाशा टाक, नाहीतर वाचणारा माहीम-सायनला जाऊन पोचेल.) जमिनीवरून यायचं तर भाईंदरचा वळसा. म्हणजे पत्ता मुंबईचा, पण बर्फ, डिझेल, मासळीची पाटी, आजारी म्हातारी, कॉलेजचं पोर, सगळ्यांचं घड्याळ बोटीच्या फेऱ्यांवर. इथलं दुर्गमपण भाड्यात आणि वेळेत मोजावं लागतं. तुझ्या प्रश्नावलीत प्रवासखर्चाचा प्रश्नच नाही, तो घाल. मालाडच्या बाजारात बसणाऱ्या बाईला पाटीसकट जायला-यायला काय पडतं आणि शेवटची फेरी चुकली तर काय पडतं, हे दोन्ही विचार.

आता वर्ष. तुझं वर्ष एप्रिलला सुरू होतं. कोळ्याचं नारळी पौर्णिमेला होतं, मग घर हिंदू असो की ख्रिस्ती. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला, हातात पैसा नाही आणि शाळेची फी नेमकी जूनमध्ये. त्या दिवसांत दागिने गहाण पडतात, भिशी उचलली जाते, व्यापाऱ्याकडून पुढच्या हंगामाच्या मालावर पैसे घेतले जातात. तू जुलैत जाऊन उत्पन्न विचारलंस तर उत्तर शून्य येईल, नोव्हेंबरात विचारलंस तर फुगलेलं. घर चालतं ते दोन्हींच्या मधल्या उधारीवर. म्हणून बाराही महिने ओळीने मांड आणि प्रत्येकापुढे तीनच गोष्टी लिही: पैसा कुठून आला, कुठे गेला, कोणाकडून उसना घेतला. तिसरा रकाना सगळ्यात बोलका असतो.

याच दोन महिन्यांत शेती होते. गोराई-मनोरीकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांचं भात पावसाळ्यातलंच; बंदीत मोकळी झालेली माणसं चिखलात उतरतात, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण. सखल खाजणातल्या शेताचं सगळं दैव बांधावर. बांध फुटून उधाणाचं पाणी एकदा आत आलं की जमिनीतला खारटपणा धुऊन जायला पुढचे पावसाळे लागतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ अशी खारं सोसणारी भातं काढली आहेत. ती इथे कोण लावतं, बियाणं कुठून आणतं, हे विचारून घे. भात निघाल्यावर ओल असेल तिथे वाल, मुळा, वांगी, आणि आवारात नारळ. हे विकून कोणी श्रीमंत होत नाही. पण ज्या घरात चार-सहा महिन्यांचा तांदूळ आहे, ते घर व्यापाऱ्यापुढे जरा उशिरा वाकतं. शेतीचं उत्पन्न रुपयांत काढशील तर नगण्य दिसेल. तिने किती कर्ज टाळलं ते काढ.

मासेमारीसाठी आधी डोल समजून घे. हे शंकूसारखं लांबट जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधतात. बोट ते ओढत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आत आणून भरतो. तेव्हा प्रवाह जोरात तर मासळी जोरात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला कामाची झुंबड, अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे प्रवाह मंद असताना, हात सैल. डोलवाल्याची मिळकत पंधरवड्याने चढते-उतरते, आणि तुझ्या 'मासिक' आकड्यात हा चढउतार बुडून जातो. भेटीच्या वेळाही यावरूनच ठरव. कालनिर्णय उघड, तिथीला तीनाने गुण आणि चाराने भाग: चतुर्थीला भरती साधारण तीनला, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. पहाटेचं आणि दुपारचं, दोन्ही वेळा तेच घड्याळ. उधाणात तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, गाठून पन्नास प्रश्न विचारलेस तर तो तुला बोटीवर घेईल आणि टोपली उचलायला लावेल. तसं झालं तर उचल.

बोटीचा हिशेब सरळ दिसतो, पण नसतो. डिझेल, बर्फ, रेशन वजा करून उरलेल्याचे वाटे पडतात: बोटीचा, जाळ्याचा, तांडेलाचा, खलाशांचा. काही बोटींवर वाट्याऐवजी पगार, आणि हंगामाआधी उचल. खलाशी बरेचदा पालघरच्या पाड्यांवरून किंवा परराज्यातून आलेले, झोपतात बोटीवर. तुझं सर्वेक्षण घराघरांत जाणार, म्हणजे हे लोक त्यात नसणारच. त्यांच्यासाठी वेगळा कागद कर. डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मच्छीमार संस्थेमार्फत येतो आणि तो येईपर्यंत पूर्ण भावाचं डिझेल खिशातून भरावं लागतं. त्या थकलेल्या रकमेवर घर व्याज भरत असतं, पण ते व्याज कोणी 'डिझेलचा खर्च' म्हणून सांगत नाही. तुला विचारावं लागेल.

आता ज्या भागाला तू चार प्रश्न दिलेस आणि मी निम्मी प्रश्नावली दिली असती, तो. बोट किनाऱ्याला लागली की माल बाईच्या ताब्यात जातो. कुठला लिलावाला, कुठला मालाड-बोरिवलीच्या पाटीत, कुठला सुकायला वलांडीवर, हे ती त्या क्षणी ठरवते, भाव, ऊन आणि घरातली गरज पाहून. 'कुटुंबप्रमुख' म्हणून तू ज्याच्यासमोर बसशील त्याला त्या दिवशीचा भाव अनेकदा माहीतही नसतो.

वलांडी म्हणजे बांबू रोवून दोऱ्या ताणलेला मांडव. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यावर टांगतात. ओल्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, त्यामुळे दहा किलोतून हाती पडतो जेमतेम किलो-दीड किलो सुका माल. वाऱ्याचा एक दिवस गेला की वास बदलतो. दिवाळीनंतर मेपर्यंत हे चालतं, आणि टांगणाऱ्या, उतरवणाऱ्या, निवडणाऱ्या हातांत घरच्या बायकांबरोबर रोजाने आलेल्या बायकाही असतात. त्यांची मजुरी वेगळी लिही, घरच्यांचे तासही लिही. 'घरकामात मदत' हा तुझा पर्याय काढून टाक, मला राग आला तो वाचून.

खरा प्रश्न यापुढे आहे. सुक्या मासळीला पावसाळ्यात मागणी, कारण ओली मिळत नाही. पण पावसाळ्यापर्यंत माल कोरडा ठेवायला जागा लागते, आणि त्याहून जास्त लागतो तो दम. ज्या बाईच्या डोक्यावर व्यापाऱ्याची उचल आहे ती मेमध्येच विकते, त्याच्या भावाने. जिच्याकडे कोरडी खोली आणि थोडी शिल्लक आहे ती जुलैपर्यंत थांबते. गाव तेच, बोंबील तोच, पण एकीचा हंगाम फायद्याचा आणि दुसरीचा मजुरीचा. मरोळच्या सुक्या बाजारात एखादी सकाळ उभा राहा, कोण विकतंय आणि कोण दुसऱ्याचा माल विकतंय हे दिसेल. मला विचारशील तर या गावांना योजनेपेक्षा एका चांगल्या कोरड्या गोदामाची आणि कमी व्याजाच्या पैशाची गरज जास्त आहे. पण हे माझं मत, तुझ्या अहवालात ते आकड्यांतून निघालं तरच घाल.

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळामुळे मुंबईत अवेळी पाऊस पडला. मे २०२१ मध्ये तौक्ते अगदी जवळून गेलं. वादळानंतर बोटीचा पंचनामा होतो, फाटलेल्या जाळ्याचा होतो. दोरीवर भिजलेल्या बोंबलाचं वजन कोण सांगणार? एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. किसान क्रेडिट कार्ड त्याआधीच मच्छीमारांना खुलं झालं होतं. घोषणा चांगल्या आहेत. तू एवढंच पाहा की जिच्या नावावर बोट नाही, परवाना नाही, फक्त वलांडी आणि पाटी आहे, तिला बँकेच्या खिडकीवर काय उत्तर मिळतं.

'मासळी कमी झाली का?' हा प्रश्न वाया जाणारा आहे. सगळे हो म्हणतील, आणि बोट दाखवतील पर्ससीनच्या मोठ्या वेढा घालणाऱ्या जाळ्यांकडे, मासे ओढून घेणाऱ्या एलईडी दिव्यांकडे, खाडीत येणाऱ्या सांडपाण्याकडे. तिन्ही खरी आहेत. पर्ससीनवर २०१६ पासून निर्बंध आहेत, १९८१ चा मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये कडकही झाला. पण डोल जाळ्याच्या शेपटाकडची बारीक आस, म्हणजे जाळ्याची भोकं, पिल्लंही उचलते, हेही तितकंच खरं. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झालं, १३५ मिलिमीटरहून लहान पकडू नये असा नियम आहे, आणि बाजारात तळहाताएवढी पापलेटं वाट्याने मिळतात. त्याबद्दल तांडेलाशी वाद घालायला जाऊ नकोस. आस मोठी केली तर जवळा कसा मिळणार, असं तो विचारेल, आणि त्याला तुझ्याकडे उत्तर नाही.

जमिनीबद्दल जपून. सातबाऱ्यावर एकेका तुकड्याला पंधरा-वीस नावं असतात, त्यातली निम्मी आखातात किंवा वसईत. वाळवणाच्या जागा लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, कागदावर त्या कोणाच्या असतील ते वेगळंच. वीसेक वर्षांपूर्वी इथे विशेष आर्थिक क्षेत्राचा घाट घातला गेला तेव्हा गावं विरोधात उभी राहिली. आता मनोरीत समुद्राचं पाणी गोडं करण्याचा पालिकेचा प्रकल्प आहे, दिवसाला २० कोटी लिटरचा, आणि डोलवाले विचारतात की उरलेलं जास्त खारं पाणी नेमकं कुठे सोडणार. मार्वे-मनोरी पुलाची चर्चा तर कायमचीच. 'पूल हवा की नको' असं हो-नाहीत विचारू नकोस. पाटी घेऊन रांगेत उभी राहणारी बाई पूल मागेल, आणि तीच बाई पूल झाल्यावर वलांडीच्या जागेवर बंगला येईल म्हणून घाबरेल. दोन्ही तिचीच मतं आहेत, दोन्ही लिहून घे. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचं उत्पन्नही असंच: काहींना जेवणाच्या ऑर्डरी मिळतात, काहींना दुसऱ्याच्या रिसॉर्टवर झाडलोट. एकाच 'पर्यटन' रकान्यात दोघांना कोंबू नकोस.

पडीक शेत दिसलं की आळस समजू नकोस, एवढं आणखी. ज्या जमिनीचा भाव तिच्या पिकाच्या कैक पट आहे, ती कसायला मजूर लावणारा माणूस तोट्यात जातो आणि विकणारा भावकीत भांडतो. मधला मार्ग म्हणजे ती तशीच ठेवणं.

पहिली खेप अष्टमीच्या आसपास ठेव. रविवारी सकाळी नको, लोक मिस्साला जातात आणि दुपारनंतर पाहुण्यांत असतात. आधी संस्थेच्या सेक्रेटरीला भेट, मग लगेच बाजारात बसणाऱ्या बायकांना, त्याच दिवशी; नाहीतर तू 'संस्थेचा माणूस' ठरशील. आकड्यांचा तक्ता मराठीत करून छापण्याआधी गावात वाचून दाखव. बायका चुका काढतील, त्या दुरुस्त कर. सुधारलेली प्रश्नावली मला पाठव, पण एका पानाच्या वर गेली तर वाचणार नाही.

तुझी,
मावशी