आईला बीआयएस मॉनिटर लावला तर ऑपरेशननंतरचा भ्रम टळेल का?

आईचं वय ७८, मोठ्या आतड्याचं ऑपरेशन, पूर्ण भूल. मागच्या ऑपरेशननंतर त्या दोन दिवस कोणाला ओळखत नव्हत्या, सलाईन ओढत होत्या, असं तुम्ही लिहिलंय. हाच तो भ्रम, डिलिरियम. आता हॉस्पिटलने बीआयएस मॉनिटरचा, म्हणजे भूल किती खोल आहे ते दाखवणाऱ्या यंत्राचा, जादा खर्च सांगितलाय. मी भूलतज्ज्ञ आहे आणि हा मॉनिटर वापरते. परवडत असेल तर लावून घ्या, पण त्याच्यावर विसंबून राहू नका.

कपाळावर एक पट्टी चिकटवतात. ती मेंदूच्या विद्युतलहरी टिपते आणि यंत्र त्यावरून ० ते १०० मधला एक आकडा दाखवतं. टक्क जागा माणूस शंभराच्या आसपास असतो; ऑपरेशनच्या वेळी आम्ही साधारण ४० ते ६० मध्ये ठेवतो. वय वाढतं तसं भुलीचं औषध कमी लागतं. तरुणाला जेमतेम पुरणारा डोस म्हाताऱ्या मेंदूला पार गप्प करू शकतो. तेव्हा पडद्यावरची मेंदूच्या लहरींची रेघ सपाट होते, मध्येच उसळते, परत सपाट. नुसत्या नाडी-रक्तदाबावरून हे ओळखता येत नाही. आकडा कधीकधी फसवतोही: केटामिन नावाचं भुलीचं औषध दिलं की उगाच चढतो. म्हणून मी आकड्याइतकीच रेघही बघते.

आता मुद्द्याचं. हाँगकाँगमध्ये ९२१ वयस्कर रुग्णांवर अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. मॉनिटर बघून भूल दिलेल्यांत भ्रम १५.६ टक्के, बाकीच्यांत २४.१. आम्ही सगळे खूश झालो. मग २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचा १,२३२ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात २६ विरुद्ध २३ टक्के, तेही मॉनिटरवाल्यांतच किंचित जास्त, म्हणजे फरक नाहीच. २०२४ मध्ये कॅनडात हृदयाच्या ऑपरेशनच्या रुग्णांत दोन्ही गटांत सुमारे १८ टक्के. मध्ये २०२१ मध्ये आकडा ३५ ठेवावा की ५० हे पाहणारा एक अभ्यास आला. त्यात हलकी भूल दिलेल्यांत भ्रम कमी निघाला, १९ टक्के, तर खोल भुलीत २८.

असं उलटसुलट का? माझं मत सांगते. जिथे खूप खोल भूल देण्याची सवय आहे तिथे मॉनिटरमुळे हात आवरतो आणि फायदा दिसतो. जिथे मुळातच बेतानं देतात तिथे आवरायला फारसं उरत नाही. दुसरं, ती रेघ सपाट होणं हे कित्येकदा कारण नसून खूण असते. जो मेंदू आधीच थकलेला आहे तो थोड्या औषधानेही सपाट होतो, आणि पुढे भ्रमातही तोच जातो. औषध कमी केल्यानं रेघ सुधारते, मेंदूचं वय मात्र कमी होत नाही.

तेव्हा तुमचा जोर ऑपरेशनच्या आधी आणि नंतर हवा. मागच्या वेळी काय झालं ते भूलतज्ज्ञांना भेटून स्वतः सांगा. फाईलमध्ये ते बहुतेक नसतंच. झोपेची गोळी चालू असेल तर तीही सांगा, स्वतःहून बंद करू नका. मिडॅझोलामसारखं गुंगीचं औषध टाळता येईल का, हे जरूर विचारा. शुद्ध आल्याबरोबर चष्मा, कानाचं यंत्र, कवळी परत द्या. ‘हरवेल’ म्हणून घरी ठेवू नका! रात्री ओळखीचं माणूस जवळ असू द्या, आयसीयूत थोडा वेळ तरी सोडा म्हणून मागे लागा. दिवसा उजेड आणि गप्पा, रात्री अंधार. दुखत असेल तर वेळेवर औषध, लघवीची नळी लवकरात लवकर बाहेर, डॉक्टर परवानगी देतील तेव्हा उठवून बसवणं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रुग्णालयात ८५२ वयस्कर रुग्णांवर, ऑपरेशनच्या नव्हे पण वॉर्डातल्या, अभ्यास झाला; साधारण अशीच काळजी घेतलेल्यांत भ्रम ९.९ टक्के निघाला, नेहमीची काळजी मिळालेल्यांत १५ (१९९९). यात महागडं काहीच नाही, म्हणून बिलावरही दिसत नाही.

आणि हो, या वेळी आई ओरडतीलच असं नाही. गप्प पडून राहिल्या, हाक मारली तर उशिरा बघितलं, जेवताना मध्येच झोपल्या, तर ‘थकल्यात’ म्हणून सोडू नका. हाही भ्रमच असू शकतो आणि बहुतेक वेळा हाच नजरेतून सुटतो. लगेच सिस्टरांना सांगा.