वाचकांचे प्रश्न: उंच जॅकचा दांडा आणि खिट्टी

या वेळच्या टपालात तीन पत्रे एकाच अवजाराबद्दलची निघाली. जीपच्या मागे किंवा टपावर बांधलेला, भोकांच्या लांब लोखंडी पट्टीचा जो जॅक आपल्याकडे कोणी ‘फार्म जॅक’ म्हणते, तर कोणी कंपनीच्या नावावरून सरसकट ‘हाय-लिफ्ट’, त्याच्याविषयीची ही पत्रे आहेत. पहिल्या पत्रातला प्रसंग अंगावर बेतण्यासारखा असल्यामुळे त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: माझे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे. तेथे पोहोचण्यासाठी शेवटच्या दोन किलोमीटरच्या कच्च्या वाटेवर दोन व्हाळ (ओढे) ओलांडावे लागतात. माझ्याकडे जुनी उघडी जीप असून गेल्या वर्षी मी ४८ इंची उंच जॅक वापरलेला विकत घेतला. जूनमध्ये मागचे चाक रुतले, तेव्हा जीप व्यवस्थित वर आली. परंतु उतरवायला लागलो तोच दांडा हातातून सुटला आणि आपोआप वरखाली आपटत राहिला. धाकट्या भावाचा हात थोडक्यात वाचला. जॅक बिघडलेला आहे, की माझी पद्धत चुकते?
एक बागायतदार, वाळपई

उत्तर: आपल्या वर्णनावरून जॅक बिघडलेला वाटत नाही, दांडा आडवा किंवा अर्धवट उभा असताना खिट्टी, म्हणजे चढ-उतार बदलणारी कळ, पाडली गेली असावी. हे असे का होते, ते जॅकच्या पोटात डोकावल्याशिवाय कळत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या ब्लूमफिल्ड या गावी १९०५ पासून या जातीचा जॅक बनत आला आहे. शेतावर कुंपणाचे खांब उपटण्यापासून गाड्या उचलण्यापर्यंत सगळ्या कामांना तो वापरला जाई, आणि त्याची रचना आजही जवळपास तीच आहे. उभ्या पट्टीला ओळीने भोके असतात आणि तिच्यावर सरकणाऱ्या डोक्यात दोन पिना असतात. दांडा दाबला की वजन एका पिनेवर राहते आणि दुसरी वरच्या भोकात शिरते. दांडा वर नेला की पहिली पिन आपली जागा बदलते. म्हणजे कोणत्याही क्षणी सगळा भार बोटाएवढ्या एका पिनेवर असतो. दांड्याच्या प्रत्येक फेरीला दोनदा ‘टक्’ असा आवाज येतो, तो याच पिना भोकात बसल्याचा. हे दोन आवाज कानाने मोजण्याची सवय लावावी. एखादा आवाज आला नाही तर पिन भोकात गेलेली नाही असे समजून दांडा न सोडता तेथेच थांबावे आणि पिनेपाशी नजर टाकावी. बहुतेक वेळा तेथे लाल मातीची गोळी अडकलेली सापडते.

आता उतरवण्याचे. खिट्टी वर असते तेव्हा डोके चढते आणि खिट्टी खाली पाडली की तेच डोके एकेक भोक उतरू लागते. चढवताना आपण भार ढकलत असतो, पण उतरवताना भारच दांड्याला वर ढकलत असतो, हा फरक नवख्याच्या लक्षात येत नाही. त्या वेळी हात सैल पडला, तर दांडा वर उडतो, पुढची पिन सुटते, दांडा पुन्हा खाली येऊन पुन्हा उडतो आणि गाडी जमिनीला टेकेपर्यंत ते यंत्र स्वतःच चालत राहते. आपण पाहिले ते हेच. अशा वेळी सुटलेला दांडा पकडायला जाणे हा सर्वांत मोठा वेडेपणा ठरतो. मागे सरावे आणि गाडीला खाली येऊ द्यावे. खिट्टी पाडण्यापूर्वी दांडा उभ्या पट्टीला पूर्ण टेकवून धरावा, मगच दुसऱ्या हाताने खिट्टी खाली करावी, आणि पुढचा प्रत्येक हेलकावा दोन्ही हातांच्या घट्ट पकडीत पूर्ण करावा. आपले डोके, हनुवटी, खांदा यांपैकी काहीही दांड्याच्या वाटेत नसावे. आपण बाजूला उभे राहून काम करावे आणि मदतीला आलेल्या भावालाही दांड्याच्या रेषेपासून दूर उभे करावे.

याच्या उलट एक गोष्टही लक्षात असू द्यावी. उतरण्यासाठी या जॅकवर काही वजन लागतेच, साधारण सत्तर किलोच्या आसपास. त्यापेक्षा कमी भार असेल आणि खिट्टी खाली असेल, तर जॅकचे डोके एकदम सरकून त्याच्या बुडावर आदळते. तेथे बोटे असली, तर ती चेंगरतात.

आपल्या पत्रात जॅकच्या पायाखाली काय ठेवले होते, याचा उल्लेख नाही, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटली. या जॅकचा पाया जेमतेम १० बाय १८ सेंटिमीटरचा असतो. दीड-पावणेदोन टनांच्या जीपचे मागचे टोक उचलताना त्यावर सातआठशे किलो सहज येतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे चार किलो. पावसाळ्यातली कुळागराची जमीन एवढा दाब सोसत नाही. खाली ३० बाय ३० सेंटिमीटरची जाड फळी ठेवली, तर हाच दाब एका किलोच्या आत येतो. फळी फणसाची किंवा सागाची, निदान दीड-दोन इंच जाडीची असावी आणि तिच्या मधोमध जॅकचा पाया घसरू नये म्हणून दोन आडव्या पट्ट्या ठोकून घ्याव्यात. फळीऐवजी हाताशी असलेला चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) ठेवण्याचा मोह आपल्याकडे प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, उन्हावाऱ्यात राहून तो घट्ट होतो. त्यातून तो ओला असला तर विचारायलाच नको. माझ्या जॅकखालचा चिरा आधी कोपऱ्यातून भुगा सांडू लागला, मग मधोमध उभा चिरला आणि चेसिस जॅकच्या जिभेवरून (गाडीखाली घालायच्या पुढे आलेल्या पात्यावरून) घसरून जीप परत चिखलात बसली. दैवाने आम्ही तिघेही बाजूला होतो. उचललेल्या चाकाखाली भर घालायला चिरे उत्तम, परंतु जॅकखाली नकोत.

आणखी एक बारकावा जुन्या जीपवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. विलीजच्या जुन्या जीपांमध्ये हातब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर लागतो. मागचे एक चाक हवेत गेले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरपेटीमुळे) ते चाक मोकळे उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक तेवढेच पुढे सरकते. म्हणजे हातब्रेक ओढलेला असूनही जीप चालू लागते. नुसत्या गिअरमध्ये ठेवल्यानेही हेच होते, आणि नव्या गाड्यांतही फक्त गिअरवर भिस्त ठेवली तर यातून सुटका नाही. म्हणून इंजिन बंद करून फोर-व्हील लो (चारही चाके जोडणारा कमी गतीचा गिअर) घालावे, हातब्रेक ओढावा आणि त्यावर न विसंबता जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून दगड लावावेत. उतारावर हा जॅक शक्यतो वापरूच नये. तो एका पायावर उभा असतो. सरळ वरखाली त्याची ताकद दांडगी, पण आडवा धक्का त्याला मुळीच सोसत नाही.

चाक वर येण्यासाठी बॉडी किती उचलावी लागते, याचाही आपल्याला अनुभव आला असेल. आधी कमानी (चाकांवरच्या स्प्रिंग) मोकळ्या होतात, बॉडी वीतभर वर जाते, पण चाक मात्र चिखलातच राहते. तेवढ्या उंचीवर जॅक झुलू लागतो. उपाय सोपा आहे: उचलण्यापूर्वी अ‍ॅक्सल आणि चेसिस एका मजबूत पट्ट्याने किंवा साखळीने एकत्र बांधून टाकावेत, म्हणजे बॉडीबरोबर चाकही लगेच वर येते आणि निम्म्या उंचीत काम होते. चाकाच्या रिमलाच हूक लावून उचलण्याची जोडणीही बाजारात मिळते. माझ्या मते ती जॅकइतकीच महत्त्वाची आहे, मात्र रिमची भोके तिला साजेशी असायला हवीत. चाक वर आले की त्याखाली चिरे, फांद्या, फळ्या भरायच्या आणि लगेच उतरवायचे. जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. भर घालायची ती लांब काठीने किंवा फावड्याने ढकलून घालावी. गाडीखाली शिरून काही दुरुस्ती करायची असेल, तर त्यासाठी घोडे (गाडी टेकवायचे लोखंडी तिवई-आधार) लावावे लागतात. ते या जॅकचे काम नव्हे.

वापरलेला जॅक घेतला आहे, म्हणून जाता जाता एक तपासणी करून घ्या. या जॅकच्या ओतीव लोखंडी मॉडेलांची ठरलेली क्षमता सुमारे २,१०० किलो असते आणि भार फारच वाढला, तर आधी तुटावी अशी एक शिअर पिन त्यात मुद्दाम घातलेली असते. ती तुटली म्हणून आधीच्या मालकाने गॅरेजमधला कोणताही मजबूत बोल्ट ठोकलेला असण्याची शक्यता मोठी असते. तसे असेल तर पिनेऐवजी पुढच्या वेळी दुसरेच काही तरी मोडेल. मूळ मापाची पिन मिळवून बसवा.

प्रश्न: माझ्याकडे नवीन थार आहे. उंच जॅक बॉनेटवर बांधावा, की मागे बांधलेल्या जादा चाकाशेजारी? मित्रांनी बॉनेटवर बांधला आहे आणि तो दिसतोही छान. शिवाय आमच्याकडे तो वर्षभरात गंजतो, त्यावर उपाय काय?
एक वाचक, फोंडा

उत्तर: दिसतो छान, हे खरे. परंतु ४८ इंची जॅकचे वजन १३ किलोच्या आसपास असते. बॉनेटवर तो चालकाची नजर अडवतो आणि समोर एखादा स्कूटरवाला आला, तर त्याच्या छातीशी लोखंडी पट्टीचे टोक नेऊन भिडवतो. मागच्या चाकाशेजारी बांधला, तर चाकांनी उडवलेला सगळा चिखल पिनांवर बसतो. गाडीच्या आत मोकळा टाकणे तर सर्वांत घातक, कारण जोराचा ब्रेक लागला की तो मागच्या सीटवरून पुढे येतो. आत ठेवायचाच असेल, तर जमिनीलगत, दोन ठिकाणी बोल्टच्या पकडीत ठेवावा. रबरी दोरीवर भरवसा नको. मला टपावरच्या कॅरिअरच्या बाजूची जागा पसंत आहे, मात्र तेथून १३ किलो उतरवायला आपल्या घरातील सर्वांना जमेल का, ते एकदा करून पाहावे. कोठेही बांधा, खिट्टी नेहमी वरच्या स्थितीत ठेवा आणि दांडा पट्टीला क्लिपने बसवून वर एक वेढा आवळा; नाहीतर चोर्ला घाटातल्या प्रत्येक वळणावर तो खडखडत राहील.

खरा प्रश्न आपण विचारलेलाच नाही. आपल्या गाडीला या जॅकने पकडायचे कोठे? कंपनीतून आलेले बंपर आणि फूटस्टेप यांवर त्याची जीभ लावली, तर गाडी उचलली जाणार नाही, बंपर मात्र उचकटून निघेल. चेसिसला भक्कम जोडलेली जागा नसेल, तर हा जॅक म्हणजे नुसते १३ किलोचे ओझे. यावर लोक पुढे लोखंडी गार्ड बसवून घेतात; पण डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे राज्यांना कळवले आहे. त्यामुळे जॅकला जागा हवी म्हणून गार्ड बसवू नका. चाकाला लावायचा हूक घ्या. तोही आपल्या रिमला बसत नसेल, तर जॅक घेऊ नका. गाडीबरोबर आलेला छोटा जॅक, रुंद फळी आणि फावडे यांवर आपली बहुतेक संकटे निभावतील.

गंजाचे म्हणाल, तर आपल्या दमट हवेत तो टळत नाही, लांबवता येतो. पिनांना ग्रीस लावू नये, कारण ग्रीसला माती चिकटते आणि पिना अडकतात. चिखलातून आल्यावर यंत्र पाण्याने धुवावे, रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने पिना व स्प्रिंग साफ करावेत, उन्हात वाळवावे आणि पातळ तेलाचे चार थेंब सोडावेत. यंत्रावर घालायची कापडी खोळ उन्हाळ्यातल्या धुळीसाठी ठीक आहे. जूननंतर मात्र ती आत ओल धरून ठेवते, म्हणून मी पावसाळाभर ती काढूनच ठेवतो आणि पंधरा दिवसांनी एकदा डोके पट्टीवर पायापासून टोकापर्यंत चढवून पाहतो.

प्रश्न: आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांच्या गाड्या दर हंगामात वाळूत रुततात. त्यासाठी असा जॅक घेऊन ठेवावा का?
एक वाचक, पेडणे

उत्तर: किनाऱ्यावर गाडी नेण्यास आपल्या राज्यात कायद्याने मनाई आहे, तेव्हा पाहुण्यांना ते दारातच सांगावे. किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाळूच्या वाटेवर गाडी रुतली, तर मात्र जॅकची गरज बहुधा पडत नाही. सुक्या वाळूत त्याचा पाया गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो, आणि पाहुण्यांच्या छोट्या मोटारींना तो पकडेल अशी जागाही नसते. चारही चाकांमधली हवा निम्म्यावर आणावी, चाकांपुढची वाळू फावड्याने उताराने काढावी, तेथे जुन्या गोणपाटाच्या किंवा झावळ्यांच्या पट्ट्या घालाव्यात आणि एक्सलरेटर जोरात न दाबता दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हळूच बाहेर काढावी. हवा भरायला छोटा पंप जवळ असू द्या, कारण निम्म्या हवेच्या चाकांवर पाहुण्यांना हमरस्त्यावर सोडता येणार नाही.